काळीत रुतलेले चाक

पावसाने भिजलेल्या काळ्या रानात ट्रॅक्टर अडकतो तेव्हा दोन गोष्टी एकदमच घडत असतात. चाक खाली जात असते आणि जागच्या जागी फिरत असते. पहिल्याला रुतणे म्हणतात, दुसऱ्याला घसरणे, आणि यांत्रिकीची पुस्तके दोन्हींना वेगवेगळी प्रकरणे देतात. रानात त्यांची फारकत होत नाही. रुतलेल्या चाकाला पुढे सरकायला जास्त जोर लागतो, म्हणून ते जास्त घसरते. घसरणारे चाक आपल्या खालची माती उपसून मागे टाकते, म्हणून आणखी रुतते. चाकाच्या थोड्याशा फेऱ्यांत ट्रॅक्टर पोटावर बसतो. पन्नास अश्वशक्तीचे इंजिन तेव्हाही ठणठणीत चालू असते. कमी पडलेली असते ती मातीची ताकद.

महाराष्ट्राच्या पठारावरची काळी माती ही बेसॉल्ट खडकाची झीज आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांनी आजही पाचेक लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. त्या खडकापासून गोदावरी, कृष्णा-भीमा आणि तापी-पूर्णेच्या खोऱ्यांत जी भारी जमीन तयार झाली, तिच्यात चिकणमातीच्या कणांचे प्रमाण ४० ते ६० टक्के आणि काही ठिकाणी त्याहून जास्त असते. चिकणमातीचा कण म्हणजे २ मायक्रॉनहून लहान कण. काळ्या जमिनीतले हे कण मुख्यतः स्मेक्टाइट गटातल्या खनिजांचे असतात आणि त्यांचा आकार अतिशय पातळ पापुद्र्यांसारखा असतो. या गटातल्या माँटमोरिलोनाइटच्या एका ग्रॅमचे एकूण पृष्ठफळ ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. कोकणातल्या जांभ्या मातीत आढळणाऱ्या केओलिनाइटच्या ग्रॅमचे पृष्ठफळ १० ते २० चौरस मीटरच असते. पाणी धरायला जितकी जागा जास्त, तितके पाणी जास्त. पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि ओल्या विड्याच्या पानांच्या चवडीसारखे हे थर एकमेकांवरून सरकू लागतात. पाणी गेले की तीच माती आक्रसते, भेगाळते आणि उन्हाळ्यात ढेकूळ फोडायला कुदळ लागते.

म्हणजे एकाच रानाची माती वर्षातून एकदा दगडासारखी होते आणि एकदा लोण्यासारखी. या दोन टोकांमधला प्रवास पहिल्यांदा नीट मोजला तो स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ अल्बर्ट ॲटरबर्ग यांनी, १९११ मध्ये. किती पाण्याला माती भुरभुरीतून लवचीक होते आणि किती पाण्याला लवचीकतेतून वाहती होते, अशा मर्यादा त्यांनी ठरवल्या. लवचीकतेची मर्यादा काढण्याची रीत आजही साधारण तीच आहे. मातीची गोळी काचेवर तळहाताने वळत नेऊन बारीक दोरी करायची, आणि ती सुमारे ३ मिलिमीटर जाडीला तुटू लागली की त्या मातीतले पाणी मोजायचे. पुढच्या संशोधनातून दिसले की लवचीकतेच्या मर्यादेपासून प्रवाहितेच्या मर्यादेपर्यंत जाताना मळलेल्या चिकणमातीची ताकद साधारण शंभर पटींनी घटते. वाळूच्या बाबतीत असे काही होत नाही. भिजलेली वाळू थोडी मऊ पडेल, पण शंभरातला एकच भाग शिल्लक राहावा इतकी तिची दशा होत नाही.

शेतकऱ्याकडे या सगळ्या मोजमापाला एकच शब्द आहे, वाफसा. वितीभर खालची मूठभर माती घेऊन दाबायची, लाडू वळतो का पाहायचे आणि तो खांद्याच्या उंचीवरून टाकायचा. फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच राहिला, हाताला चिकटला किंवा बोटांमधून निसटला, तर नाही आला. या परीक्षेत एकच चूक वारंवार होते, ती म्हणजे माती वरची घेतली जाते. काळी जमीन वरून दोन दिवसांत सुकते. चार बोटांवर पांढुरकी खपली धरते आणि रान तयार झाल्यासारखे दिसते. खाली मात्र ओल तशीच असते, कारण चिकणमातीतून पाणी अत्यंत सावकाश सरकते. माणूस त्या खपलीवरून सहज चालतो. ट्रॅक्टरचे पुढचे चाक ती फोडून आत जाते.

माणूस चालतो तिथे ट्रॅक्टर का चालत नाही, याचे पूर्ण उत्तर दाबात सापडत नाही. चालत्या बैलाच्या खुराखाली मातीवर येणारा दाब ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाखालच्या दाबापेक्षा कमी नसतो, पुष्कळदा जास्तच असतो. बैलाचाही पाय रुततो. पण बैल रुतलेला पाय उभा उचलून पुढे टाकतो. चाकाला ती सोय नाही. ते ज्या खड्ड्यात आहे त्याची पुढची भिंत चढून किंवा फोडूनच पुढे जाऊ शकते. रुतलेले चाक सपाटीवर दिसले, तरी सतत चढ चढत असते. जितके खोल, तितका तो चढ उभा.

मातीची ताकद म्हणजे काय, याचा पहिला ठोक हिशेब शार्ल ऑगस्टिन कूलोम या फ्रेंच लष्करी अभियंत्याने मांडला. विजेच्या प्रभाराचे एकक ज्याच्या नावाने ओळखले जाते, तोच हा कूलोम. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना आलेल्या अनुभवावर त्याचा तो निबंध आधारलेला होता. तो १७७३ मध्ये वाचला गेला आणि १७७६ मध्ये छापला गेला. त्याचे म्हणणे असे की मातीचा एक थर दुसऱ्यावरून सरकवायचा तर दोन अडथळे मोडावे लागतात. एक कणांची आपसातली चिकट, जी वजनावर अवलंबून नसते. दुसरा घर्षणाचा, जो वरचे वजन वाढेल तसा वाढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४ मध्ये, ब्रिटनमध्ये मिकलथवेट यांनी हेच सूत्र रणगाड्यांना लावले. वाहनाला माती देऊ शकते तो जास्तीत जास्त रेटा म्हणजे टेकलेले क्षेत्रफळ गुणिले चिकट, अधिक वजन गुणिले घर्षण.

वाळूत पहिला भाग जवळजवळ शून्य असतो, सगळा खेळ वजनाचा. भिजलेल्या चिकणमातीत उलटे होते, आणि का होते ते कार्ल तेर्झागी यांच्या १९२५ च्या कामामुळे कळते. भिजलेल्या मातीवर भार टाकला की तो आधी कणांमधल्या पाण्यावर येतो. पाणी निसटून गेले तर कण एकमेकांवर दाबले जातात आणि घर्षण मिळते. पण ट्रॅक्टर तासाला ५ किलोमीटरने चालत असेल आणि टायर जमिनीवर अर्धा मीटर टेकत असेल, तर मातीच्या एखाद्या बिंदूवर चाक सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाइतकाच वेळ राहते. चिकणमातीतून पाणी निघायला त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. त्यामुळे चाकाचे वजन पाणीच तोलून धरते, कणांपर्यंत ते पोचतच नाही. वजन वाढवले तरी घर्षण वाढत नाही. उरते ती चिकट आणि तिला गुणणारे क्षेत्रफळ.

आकडे घालून पाहिले की हे पक्के बसते. पन्नासच्या आसपास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण २,२०० किलो. मागे १४.९-२८ मापाचे दोन टायर. मऊ रानात दोन्ही मिळून जमिनीला टेकलेला भाग ढोबळमानाने ३,००० चौरस सेंटिमीटर. वाफशातल्या मातीची चिकट चौरस सेंटिमीटरला ०.४ किलो धरली तर नुसत्या चिकटेतून १,२०० किलोंचा रेटा मिळतो, घर्षणाचा वाटा वेगळा. ट्रॅक्टरला स्वतःला पुढे सरकायला, म्हणजे आपल्या चाकांचा अडथळा मोडायला, पावणेदोनशे किलो पुरतात. बाकीचा जोर नांगराला मिळतो. आता तीच माती भिजून चिकट ०.१ वर आली असे समजू. रेटा ३०० किलो. चाके रुतल्यामुळे अडथळा वजनाच्या पाव भागावर गेला, म्हणजे ५५० किलो. मागे नांगर नाही, ट्रॉली नाही, तरीही हा ट्रॅक्टर स्वतःला हलवू शकत नाही. पन्नासाऐवजी शंभर अश्वशक्तीचे इंजिन बसवले तर चाके दुप्पट जोमाने जागेवर फिरतील, इतकाच फरक.

रुतण्याचा हिशेबही चिकटेवरूनच होतो. भिजलेली चिकणमाती आपल्या चिकटेच्या पाच ते सहा पट दाब सोसते, त्यापुढे ती चाकाखालून बाजूला निसटते. ०.१ किलो चिकटेची माती चौरस सेंटिमीटरला अर्धा किलो, फार तर ०.६ किलो सोसेल. मागच्या टायरमध्ये हवा १२ पौंड असेल तर कठीण जमिनीवरचा दाब ०.८५ किलोच्या वर असतो. तो टायर माती सोसेल इतके क्षेत्रफळ मिळेपर्यंत खाली जाणार. पुढच्या टायरची अवस्था त्याहून वाईट. तो ६.००-१६ मापाचा, वीतभरही रुंद नसलेला, आणि त्यात हवा २४ ते २८ पौंड. दाब मागच्यापेक्षा दुप्पट, आणि साध्या ट्रॅक्टरमध्ये त्याला इंजिनचा जोर मिळत नाही, तो नुसता ढकलला जातो. पहिली चाकोरी तोच पाडतो. स्टिअरिंग फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच जात राहिला, तर पुढची चाके मातीत नांगरासारखी चालली आहेत असे समजावे.

आता घसरण. बोलीत तिला दोषाचा अर्थ आहे, पण थोडी घसरण नसेल तर ट्रॅक्टर काहीच ओढू शकणार नाही. माती आपली ताकद फुकट देत नाही, ती काहीशी सरकली की मगच विरोध करते. टायरच्या दातांनी माती मागे दाबायची, माती सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर सरकायची, आणि त्या सरकण्यातून रेटा मिळायचा. नांगरटीच्या वेळी १० ते १५ टक्के घसरण योग्य मानली जाते. मोजायलाही सोपी आहे. मागच्या टायरवर खडूची खूण करायची आणि अवजार वर उचलून दहा फेऱ्यांत ट्रॅक्टर किती चालला ते पाहायचे. समजा ४० मीटर भरले. मग अवजार जमिनीत घालून दहा फेऱ्या मोजायच्या. ३४ मीटर भरले तर घसरण १५ टक्के. २८ भरले तर ३० टक्के, आणि डिझेलचाही जवळजवळ तितकाच वाटा मातीच उकरण्यात चालला आहे. शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत अश्वशक्ती आणि हप्ते यांवर जितके बोलले जाते, त्याच्या दशांशही या खडूच्या खुणेबद्दल बोलले जात नाही.

घसरण ३० टक्क्यांच्या वर गेली की चाकाचे काम बदलते. टायरवरच्या तिरप्या उंच पट्ट्यांना लग म्हणतात. नेहमीच्या टायरवर ते साधारण दीड इंच उंच असतात. त्यांचे काम मातीत रुतून धरण्याचे, आणि बाहेर येताना दोन लगांमधली माती झटकून टाकण्याचे. चिकण चिखल झटकला जात नाही. पहिल्या फेरीत लगांच्या बुडाशी थर बसतो, तिसऱ्या-चौथ्या फेरीत खाच भरते, आणि मग रबर दिसेनासे होऊन चाकाऐवजी मातीचा गुळगुळीत रूळ फिरू लागतो. त्याला दात नसतात. खड्ड्याच्या तळाकडे पाहिले तर माती निळसर काळी आणि शिसे घासल्यासारखी चकचकीत दिसते. फिरत्या चाकाने तिथले पापुद्रे एका दिशेला लोळवलेले असतात, छिद्रे बुजवलेली असतात. मळलेली चिकणमाती न मळलेल्या मातीहून दुबळी असते, म्हणून चाक फिरवत राहिले की खालच्या मातीची उरलीसुरली ताकदही जाते. काही वेळ तशीच राहू दिली तर तिला थोडी ताकद पुन्हा येते. ॲक्सिलरेटर दाबून धरणाऱ्याला तेवढा धीर नसतो.

ट्रॉली जोडलेली असली की गणित आणखी बिघडते. उसाच्या ट्रॉलीची चाके नुसती ओढली जातात, रेटा देत नाहीत. टायर अरुंद, हवा कडक, भार टनांत. परतीचा पाऊस लांबला की गळीत हंगामाच्या तोंडाशी कृष्णाकाठच्या भारी रानांत ट्रॉली फडात नेताच येत नाही. ती बांधावर किंवा पांदणीत उभी राहते आणि ऊसतोड मजूर मोळ्या डोक्यावरून तिथपर्यंत वाहतात. यंत्राला जमिनीने नाकारलेले काम बायका-पुरुषांच्या मानेवर येते, आणि त्या वाढीव अंतराचे पैसे कोणत्या दराने धरायचे यावर दर हंगामात वाद होतो. कालव्याच्या अतिपाण्याने चिबड झालेल्या रानांत तर ही अडचण पावसाची वाटही पाहत नाही.

क्षेत्रफळ वाढवणे हाच उपाय, हे सूत्र माहीत नसतानाही लोकांना उमगले होते. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन गावाजवळ सॅक्रमेंटो आणि सॅन होकीन नद्यांच्या त्रिभुज प्रदेशात बेंजामिन होल्ट यांच्या वाफेच्या ट्रॅक्टरांची चाके रुतत. तिथली माती चिकण नव्हती, कुजलेल्या वनस्पतींची भुसभुशीत पीट होती, पण दाब न सोसण्याचे दुखणे तेच. होल्ट यांनी चाके रुंद करत नेली, इतकी की एका यंत्राची एकूण रुंदी ४६ फुटांवर गेली. असे यंत्र कोणत्या रस्त्याने न्यायचे हा प्रश्न उरलाच. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी त्यांनी मागची चाके काढून लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसवलेले यंत्र रॉबर्ट्स आयलंडवर चालवले, आणि ते चालले. पुढे त्यांची कंपनी बेस्ट या दुसऱ्या ट्रॅक्टर कंपनीत मिसळून १९२५ मध्ये कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी झाली.

पट्टा वजन पसरवतो, हे कोणालाही दिसते. त्याचा दुसरा फायदा सहसा लक्षात येत नाही, पण घसरणीच्या दृष्टीने तोच मोठा आहे. पट्टा लांब असतो. मातीकडून पूर्ण रेटा मिळण्यासाठी ती काही सेंटिमीटर सरकावी लागते. चाक ४० सेंटिमीटर टेकले असेल आणि घसरण ५ टक्के असेल, तर मागच्या टोकाखालची माती २ सेंटिमीटरच सरकते. पट्टा दोन मीटर टेकलेला असेल, तर तेवढ्याच घसरणीत ती १० सेंटिमीटर सरकते. तेवढ्याच सरकण्यासाठी चाकाला २५ टक्के घसरावे लागेल. म्हणून रबरी पट्ट्याचा ट्रॅक्टर नांगरताना पाचेक टक्क्यांवर निभावतो आणि चाकाचा पंधराच्या आसपास जातो. मातीचे सरकणे आणि तिचा विरोध यांचा हा संबंध यानोसी आणि हानामोटो यांनी १९६१ मध्ये सूत्रात बांधला. या साऱ्या शास्त्राचा पाया घालणारे मिएचिस्वाफ बेकर मूळचे पोलंडचे. त्यांचा वाहनांच्या रानातल्या चालीवरचा ग्रंथ १९५६ चा. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर गाडी चालवली, तिच्या तारेच्या जाळीच्या चाकांमागेही बेकर यांचे काम होते.

पट्टा म्हणजे अभय नव्हे, याचा दाखला पहिल्या महायुद्धात मिळाला. बेल्जियममधल्या ईप्र शहराभोवतीची जमीन चिकणमातीची आहे आणि ती चरांतून पाणी काढूनच कसली जात असे. ३१ जुलै १९१७ ला सुरू झालेल्या लढाईत तोफांच्या माऱ्याने चर उद्ध्वस्त झाले, त्यावर मुसळधार पाऊस आला, आणि ब्रिटिश रणगाडे पोटावर बसले. त्याच वर्षी २० नोव्हेंबरला कांब्रे इथे खडूच्या कोरड्या जमिनीवर त्याच जातीच्या रणगाड्यांनी फळी फोडली. पट्ट्यांखालचा सरासरी दाब कमी असला तरी वजन येते ते आतल्या रोलरांवरून, आणि प्रत्येक रोलरखाली दाब सरासरीच्या दोन-तीन पट होतो. शिवाय पट्ट्याचे वाहन वळते ते एक बाजू थांबवून किंवा मंद करून. त्या वळणात लांब पट्टा आडवा घासतो आणि बांधाजवळची माती उकरून काढतो. पट्ट्यात आणि दाताळ चाकात भरलेला काळा चिखल सुकला तर तो पहारीने काढावा लागतो. भात कापणीची चेनपट्ट्याची हार्वेस्टर मशीन चौरस सेंटिमीटरला ०.२ किलोच्या आसपास दाब टाकते आणि पाणथळ खाचरात फिरते, पण तीसुद्धा एकाच जागी वळत राहिली की बसते.

चाकाच्या ट्रॅक्टरला करता येण्याजोगा सगळ्यात स्वस्त उपाय हवेचा आहे. १९३२ मध्ये अॅलिस-चामर्स कंपनीने हवेचे टायर बसवलेला ट्रॅक्टर बाजारात आणला, त्याआधी ट्रॅक्टरांना खुंट्यांची लोखंडी चाके असत. हवेच्या टायरचा मोठा गुण म्हणजे जमिनीवरचा दाब आतल्या हवेच्या जवळपास राहतो, आणि हवा कमी केली की टायर पसरतो. पण एकच ट्रॅक्टर सकाळी डांबरी रस्त्यावर ट्रॉली ओढतो आणि दुपारी रानात नांगर, त्यामुळे हवा रस्त्याच्या मापाची भरलेली असते आणि रानात तीच राहते. कंपनीच्या पुस्तिकेत रानासाठी सांगितलेली हवा कमी असते, आणि ती पुस्तिका बहुधा कपाटात असते.

टायरमध्ये पाणी भरणे आणि लोखंडी वजने लावणे हा उपाय वेगळ्या जमिनीचा. कोरड्या, मुरमाड, हलक्या रानात वजन वाढवले की घर्षण वाढते आणि चाक धरते. ओल्या काळीत तेच वजन रेट्यात भर घालत नाही, रुतण्यात घालते. माळरानावर उपयोगी पडलेली युक्ती काळीत अंगाशी येते. चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर जास्त उपयोगी, कारण पुढच्या चाकांचे क्षेत्रफळही कामी येते आणि अडथळा निर्माण करणारेच चाक रेटा देऊ लागते. त्याचा धोका इतकाच की तो साध्या ट्रॅक्टरपेक्षा रानात अधिक आत जाऊन रुततो. डिफरन्शियल लॉकने दोन्ही मागची चाके एका वेगाने फिरतात, पण तो चाक फिरू लागण्याआधी लावायचा असतो. एक चाक गरगर फिरत असताना लावला तर गिअर तुटतात.

कोकणात आणि मावळात भाताच्या चिखलणीला पिंजऱ्यासारखी लोखंडी चाके लावतात. तिथे चिखल हवाच असतो आणि माती घुसळणे हेच चाकाचे काम असते. ते शक्य होते, कारण वर्षानुवर्षांच्या चिखलणीने खाचरात वीतभर खाली कठीण थर तयार झालेला असतो. चाक चिखलातून जाऊन त्या थरावर टेकते. खोल काळ्या रानात असा ठाव लागेलच असे नाही, म्हणून पिंजरा चाकांचा अनुभव देशावर जसाच्या तसा चालत नाही.

रोटाव्हेटरचे प्रकरण आणखी निराळे. त्याची पाती चाकांच्याच दिशेने फिरतात आणि ट्रॅक्टरला मागून पुढे रेटतात. नांगर ओढताना जिथे चाक घसरले असते, तिथे रोटाव्हेटर लावलेला ट्रॅक्टर निघून जातो. सोयीचे वाटते खरे, पण घसरण हा रानाने दिलेला इशारा असतो आणि या अवजाराने तो ऐकूच येत नाही. वाफसा नसताना मारलेल्या रोटाव्हेटरखाली पात्यांनी सारवलेला चकचकीत थर राहतो, आणि पुढच्या पावसाचे पाणी त्यावर अडते.

ट्रॅक्टर रुतलाच तर पहिली गोष्ट क्लच दाबण्याची. चाकाने एक फेरी जागेवर मारली की थांबायचे, अवजार उचलायचे, ट्रॉली सोडायची. बहुतेक ट्रॅक्टर पहिल्या मिनिटात थोडे आणि पुढच्या पाच मिनिटांत पुरते रुततात. मग चाकांच्या पुढची आणि पोटाखालची माती काढायची. पोट टेकले असेल तर चिखल त्याला चिकटून धरतो, तो सुटल्याशिवाय ओढून उपयोग नाही. चाकांपुढे उताराच्या चऱ्या काढून पऱ्हाट्या, तुराट्या किंवा पाचट घालतात. दुसरा ट्रॅक्टर लांब दोराने कोरड्या जागेवरून ओढतो. साखळी किंवा दोर नेहमी खालच्या ओढदांड्यालाच बांधायचा, कारण वर बांधला की ओढणारा ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन मागे उलटू शकतो.

एक युक्ती सर्रास केली जाते आणि तीच सगळ्यात घातक आहे. मागच्या चाकांना आडवे लाकूड बांधायचे आणि गिअर टाकायचा. लाकूड चाकासोबत फिरून खाली येते आणि ट्रॅक्टर त्यावर चढतो. १९१७ च्या ब्रिटिश रणगाड्यांनाही अशीच तुळई दिलेली असे. ती पट्ट्यांना जोडली की पट्ट्यांबरोबर खाली येऊन चिखलात टेकण देई. पण रणगाडा लांबलचक असतो आणि तो उलटत नाही. ट्रॅक्टरचे चाक लाकडाने अडले तर इंजिनचा जोर चाक फिरवण्याऐवजी ट्रॅक्टरचे पुढचे अंग उचलतो. पुढचे टायर जमीन सोडल्यापासून ट्रॅक्टर परत न येण्याच्या कोनापर्यंत जायला एक सेकंदही लागत नाही, तेवढ्यात क्लच दाबला जात नाही. माती उपसून उलट्या गिअरमध्ये आलेल्या चाकोरीनेच मागे निघणे अधिक सुरक्षित. त्या चाकोरीतली माती निदान एकदा दबलेली असते.

ट्रॅक्टर निघाल्यावर चाकोरी उरते. चाक एका जागेवरून पहिल्यांदा जाते तेव्हाच माती सर्वाधिक दबते, पुढच्या खेपा त्यात थोडीच भर घालतात. म्हणून ओल्या रानात दर वेळी नवी वाट धरणे हे सगळे रान दाबून घेणे आहे. वरच्या वीतभर थरातली दाबण टायरच्या हवेवर अवलंबून असते, खोलवरची एका आसावर येणाऱ्या एकूण वजनावर. रुंद टायर घेऊन दुसरी टाळता येत नाही. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या काळ्या जमिनींवर यंत्रांच्या वाटा कायमच्या ठरवून देण्याची पद्धत रुळली आहे. हैदराबादजवळ पाटनचेरूला १९७२ मध्ये स्थापन झालेल्या इक्रिसॅट संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत विकसित केली. मराठवाडा-विदर्भात सोयाबीनसाठी ती आता बीबीएफ या नावाने चालते. तिचा गाजावाजा पाण्याच्या निचऱ्यासाठी होतो. पण ट्रॅक्टरची चाके सरीतच राहतात आणि पिकाखालचा वरंबा चाकाखाली येत नाही, हा फायदा त्याहून कमी नाही.

काळ्या जमिनीला स्वतःची दुरुस्तीही जमते. उन्हाळ्यात ती तडकते, पावसात फुगते, आणि या हालचालीत वरच्या थरातली दाबण दोन-चार हंगामांत बरीचशी मोडते. नांगराच्या तळाखालच्या थराला ऊन आणि कोरड कमी पोचते, तिथे हे काम रेंगाळते. बारमाही ओलिताच्या उसाच्या रानात जमीन तडकायला वेळच मिळत नाही, त्यामुळे तिथल्या चाकोऱ्या खोडव्यातही उसाच्या उंचीवरून ओळखू येतात.